कारणाचा रकाना

साहेब सांगतात, परदेशी माणसाचा कायदा दिल्लीचा,
आपण नुसतं टपाल.
दिल्लीहून भोपाळ, भोपाळहून मोती तबेला,
मोती तबेल्यात दुसरा मजला, खोली अठरा,
आणि खोली अठरात मी,
शाईची गादी सुकली की
तिच्यावर दोन थेंब पाणी शिंपडणारी.

पार्पतीबाई दर मंगळवारी येतात.
शिकारपूर, मग वाघा, मग जयरामपूर कॉलनीत
जिन्याखालची खोली. अकरा वर्षं.
पिशवीत सगळं असतं:
संपलेला हिरवा पासपोर्ट,
वाढवलेला व्हिसा, पुन्हा वाढवलेला व्हिसा,
नगरसेवकाचं पत्र, त्यात त्या 'चिरपरिचित',
नळपट्टीची पावती,
आणि नातवाचा जन्मदाखला, इंदूर नगर निगमचा,
शिक्का गोल, ठळक, एका बाजूला जरा फाकलेला.
निगमला नातू माहीत आहे.
दिल्लीला अजून नाही.

नाव प्रत्येक कागदावर वेगळं.
पार्पती, पारबती, परपाती,
ठाण्याच्या जबाबात नुसतं 'बाई'.
हवालदार चौकशीला गेला तेव्हा
त्यांनी आधी पापड दिला, मग पाणी,
त्यांच्यात तशीच रीत.
अहवालात त्यानं लिहिलं, वर्तणूक समाधानकारक.

देवासला जायचं तर परवानगी लागते.
देवास!
आमच्या गल्लीतली पोरं जेवण झाल्यावर
मोटरसायकल काढून तिथवर जाऊन येतात,
कशासाठी ते त्यांनाही सांगता येत नाही.
क्षिप्रेवर पूल आहे, तिथे कुठेतरी जिल्हा संपतो.
पाटी इतकी गंजलेली की मला कधी दिसलीच नव्हती.
पार्पतीबाईंना ती पाठ आहे.
"बेटा, वाघा तो एक बार का था," म्हणाल्या,
"ये पुल रोज का है."

गेल्या महिन्यात एकदा त्या सोमवारी आल्या.
पिशवी नव्हती.
बहीण गेली होती, जमनी, देवासला, पहाटे.
तीन वाजता उचलणार.

अर्जात कारणाचा रकाना. त्यात तीन शब्द छापलेले:
विवाह, उपचार, तीर्थयात्रा.
'इतर' लिहिलं की प्रकरण भोपाळला जातं
आणि भोपाळ एकवीस दिवस विचार करतं.
साहेब बैठकीत होते.
एका जुन्या परिपत्रकाप्रमाणे
ते नसताना एका दिवसाची सही माझी.

पेन हातात धरून मी उगाच
आमच्या खापरपणजोबांपाशी जाऊन बसले.
होळकरांच्या फौजेमागून बैल हाकत
नर्मदा उतरलेले हिंगवे.
कुठल्या खिडकीशी उभे राहिले असतील?
कारणाच्या रकान्यात काय लिहिलं असतं त्यांनी,
भाला? भाकरी?
सात पिढ्या झाल्या, घरात अजून
'आपल्या गावाकडे असं करतात' म्हणतो आम्ही.
ते गाव आमच्यातल्या कुणी पाहिलेलं नाही.

अकरा चाळीस.
मी लिहिलं, तीर्थयात्रा.
ठिकाण: देवास, माताजीची टेकडी.
परत: त्याच दिवशी, सूर्यास्तापूर्वी.
शिक्का उमटला, पण फिका.
पाणी जास्त झालं होतं.

सहाला दहा कमी असताना
त्यांनी ठाण्यात हजेरी लावली, असं नोंदवहीत आहे.

मंगळवारी आल्या, पिशवी घेऊन.
बसल्या. बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग हळूच, शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये असं:
"सूतक था, ऊपर नहीं चढ़ी.
नीचे से हाथ जोड़ लिए.
तेरा कागज झूठा नहीं होना चाहिए."

मी मान खाली घालून
परपाती खोडलं, पार्पती केलं,
बाजूला छोटी सही.

फाईल भोपाळला आहे.
पुलावर म्हणे आता नवी पाटी बसवली,
हिरवी, रात्रीही दिसते.